श्रीखालची मोकळी ओळ

मी एक मेल बोलतोय. मला घडी नाही, शाईचा वास नाही, पोस्टमनच्या सायकलवर मी कधी बसलो नाही. पण मलाही पाकीट आहे, आणि त्या पाकिटात एक सोडून दोन पत्रं आहेत.

एक पत्र नटलेलं. वर निळी पट्टी, संस्थेचं चिन्ह, खाली हिरवं बटण. दुसरं साधं, नुसत्या अक्षरांचं. मजकूर दोन्हीकडे तोच असावा अशी अपेक्षा असते. ज्याच्या फोनला नटलेलं चालतं त्याला ते दिसतं, ज्याला साधं हवं त्याच्यापुढे साधं येतं.

या दोघांच्या वर, म्हणजे पाकिटावर, आणखी काही ओळी असतात. पत्र कोणी पाठवलं, अक्षरं कुठल्या पद्धतीची आहेत, आत भाग किती, एक भाग कुठे संपून दुसरा कुठे सुरू होतो. या ओळी माणसांसाठी नसतात. फोन त्या वाचतो, समजून घेतो आणि गप्प राहतो. त्या ओळी संपल्या हे फोनला कळतं एका मोकळ्या ओळीवरून. मोकळी ओळ आली की पाकीट संपलं आणि पत्र सुरू झालं. आमच्या जगातला हा फार जुना नियम आहे. माझ्यावर जे संकट आलं ते या एका ओळीमुळे.

माझा जन्म पंचवटीतला. भाजीबाजाराच्या बाजूला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. खिडकी उघडली की मेथीच्या जुड्या विकणाऱ्यांचा आणि रिक्षांचा आवाज एकदमच आत येतो. तिथे एक छोटी संस्था चालते. डोळ्यांनी दिसत नाही अशा विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देणं हे तिचं काम. विद्यार्थी उत्तर सांगतो, लेखनिक ते जसंच्या तसं लिहितो. दोघांची गाठ घालून द्यायची, दोघांची लेखी संमती घ्यायची आणि ती यादी परीक्षा केंद्राला पाठवायची.

पूर्वी ही संमती फोनवरच घेत. मग एका वर्षी सुरगाण्याकडचा मंगळू नावाचा मुलगा परीक्षेला बसला आणि केंद्रावर त्याच्या लेखनिकाला दारातच अडवलं. लेखी काही आहे का, असं विचारलं. लेखी काही नव्हतं. मंगळू आत एकटाच तीन तास बसून राहिला. सगळी उत्तरं पाठ असलेला मुलगा कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर आला.

त्यानंतरच्या सोमवारी मला घडवायला घेतलं.

मला घडवलं उज्वलाबाईंनी. वय सत्तेचाळीस. पूर्वी त्या टायपिंगच्या क्लासात शिकवत. क्लास बंद पडला तेव्हा संगणकाचं काम त्या स्वतःच शिकल्या, व्हिडिओ बघून, थांबवून, पुन्हा बघून आणि वहीत उतरवून. त्यांच्या वह्या मी पाहिल्या नाहीत, पण ऐकल्या आहेत. त्या लिहिताना पुटपुटतात. आज काय केलं, काय चुकलं, कशानं सुधारलं, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. प्रत्येक पानाच्या वर मधोमध ‘श्री’ आणि त्याखाली एक ओळ मोकळी. लहानपणी शाळेत लागलेली सवय. पोस्टकार्ड असो, किराण्याची यादी असो, श्री आणि मोकळी ओळ ठरलेलीच.

संगणकाच्या फाइलीतही त्या श्री लिहितात. मात्र त्याच्या आधी एक खूण टाकतात, म्हणजे यंत्र ती ओळ सोडून देतं.

यंदा मार्चच्या शेवटी संस्थेनं सर्व्हर बदलला. सर्व्हर म्हणजे भाड्यानं घेतलेलं लांबचं यंत्र; तिथूनच मी निघतो. रविवारी उज्वलाबाईंनी सगळं सामान नव्या जागी हलवलं. हलवताना त्यांना वाटलं, पाकिटावरच्या ओळी एका वेगळ्या फाइलीत नीट मांडून ठेवाव्यात. हौस नीटनेटकेपणाची होती. नवी फाइल उघडली. हातानं आपोआप लिहिलं ‘श्री’. खाली एक ओळ मोकळी सोडली. मग माझ्या पाकिटाच्या ओळी सुरू केल्या.

ही फाइल वेगळ्या जातीची होती. तिच्यात खूण-बिण चालत नाही. जे लिहाल ते सर्व्हर जसंच्या तसं पुढे ढकलतो. श्री गेली, मोकळी ओळ गेली, आणि तिथेच माझं पाकीट संपलं. पाठवणाऱ्याचं नाव, अक्षरांची पद्धत, भागांचा हिशोब, सगळं पत्राच्या पोटात जाऊन पडलं.

मला हे पहिल्या क्षणापासून माहीत होतं. पण मला सांगता येत नाही. मी फक्त पोचतो.

बाईंनी साइट उघडते का ते तपासलं, यादी दिसते का ते तपासलं. मला तपासलं नाही. मी जुनाच, रोजचा. मंगळवारी सकाळी दहा वाजता मी त्रेसष्ट विद्यार्थ्यांकडे एकदम निघालो. परीक्षा शनिवारी होती. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता यादी केंद्राकडे जायची होती. त्याआधी प्रत्येकानं माझ्यातल्या लिंकवर जाऊन ‘मान्य आहे’ म्हणायचं होतं. ज्याचं नाव यादीत नाही त्याचा लेखनिक दाराबाहेर.

अकरा वाजता फोन वाजला.

“उज्वलाताई, मी आरोही बोलतेय, नांदगावहून. तुमच्या मेलला बरं नाहीये का?”

आरोही यंदाच नाव नोंदवलेली, बीएच्या शेवटच्या वर्षाची. जन्मापासून दिसत नाही. मेल तिला फोनमधला आवाज वाचून दाखवतो.

“का गं? काय झालं?”

“तुम्हीच ऐका.” तिनं फोनमधला आवाज मोठा केला. “हायफन हायफन बी एक अंडरस्कोर सात एफ चार, कंटेंट हायफन टाइप…” आणि मग नुसती इंग्रजी अक्षरं, एकामागून एक, न थांबता. माझी मराठी अक्षरं प्रवासासाठी इंग्रजी अक्षरांत गाठी मारून ठेवलेली असतात. गाठी सोडवायच्या कशा हे पाकिटावर लिहिलेलं असतं. पाकीटच फाटल्यावर त्या सोडवणार कोण?

मागून आरोहीच्या आईचा, कुसाबाईंचा आवाज आला. “बंद कर गं ते! सकाळपासून काय मंत्र लावलाय? म्हस बिथरली, दूध देईना.”

“आई म्हणते, तुमचा मेल म्हशीलासुद्धा कळेना,” आरोही म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला. “ताई, चेष्टा राहू द्या. ताहेरा तयार आहे लिहायला. आमच्या नांदगावचीच आहे, बारावीत. मी तिला आठ दिवस शिकवलंय, मी कुठं थांबते, कुठं नवा परिच्छेद करते ते. गुरुवारपर्यंत होईल ना?”

“होईल,” उज्वलाबाई म्हणाल्या. फोन ठेवला. वही उघडली. वर श्री, खाली मोकळी ओळ, मग तारीख. ‘मेल फुटतो आहे. कारण शोधणे.’

दुपारपर्यंत असे चाळीस फोन आले. दोघांना तर वाटलं कोणीतरी फसवतंय, कारण पाठवणाऱ्याच्या जागी संस्थेचं नाव नव्हतं, यंत्राचं कसलंसं नाव होतं. त्यांनी मला न उघडताच पुसून टाकलं.

संस्थेत आणखी एक माणूस आहे, बद्रुद्दीनभाई. आयुष्यभर पुस्तकबांधणी केली, आता इथली कागदपत्रं सांभाळतात. ते म्हणाले, “उज्वलाबाई, सोडा ना. फोन लावू सगळ्यांना. पुराना तरीका.”

“फोनवरची संमती केंद्र मानत नाही, भाई.”

“मग तुमच्या खात्यावरून एकेकाला साधी चिठ्ठी लिहा.”

“लिंक प्रत्येकाची वेगळी असते. ती सर्व्हरच बनवतो आणि मेलमध्येच घालतो. माझ्या हातानं गेली तर कोणाची कोणाला जाईल, सांगता येत नाही. मेलच दुरुस्त करायचा.”

मंगळवारचा उरलेला दिवस त्यांनी मला स्वतःकडेच पाठवण्यात घालवला. वहीत दोन रकाने आखले: काय बदललं, काय झालं. अक्षरांची पद्धत बदलली, तसाच फुटलो. चिन्हाचं चित्र काढलं, तसाच. दोन भागांमधली खूण सोपी केली, तसाच. नऊ वेळा गेलो, नऊ वेळा फुटलेलाच पोचलो.

“सगळं एकदम बदलून टाका,” बद्रुद्दीनभाई म्हणाले. “लागलं तर लागलं.”

“आणि लागलं तर कशानं लागलं ते कसं कळणार? एका वेळी एकच.”

“तुम्ही भाजीसुद्धा अशीच करता का? आधी मीठ घालून बघायचं, मग तिखट?”

“घरचे तेच म्हणतात,” त्या म्हणाल्या आणि दहाव्यांदा पाठवलं.

मला त्यांचा राग आला नाही. माणसं बहुधा यंत्राला दोष देतात, टेबलावर हात आपटतात, उद्या बघू म्हणतात. या बाई मला पाठवायच्या, उघडायच्या, वाचायच्या आणि लिहायच्या. प्रत्येक वेळी नजर त्या एका जागेवरून जायची आणि पुढे निघून जायची. कारण तिथे श्री दिसतच नव्हती. अक्षरांची पद्धत सांगणारी ओळच पोटात गेल्यामुळे ‘श्री’चा झाला होता परक्या खुणांचा गिचमिड गोळा. बाईंना वाटलं, नव्या सर्व्हरची काहीतरी मोहोर असेल.

बुधवारी सकाळी त्यांनी माझं कच्चं रूप, म्हणजे फोन जे लपवतो ते सगळं, कागदावर छापून घेतलं. तीन पानं झाली. पट्टी लावून एकेक ओळ वाचायला बसल्या. बद्रुद्दीनभाई चहा घेऊन आले, त्यांनी पहिलं पान उचललं, उलटंपालटं करून पाहिलं.

“याचं वरचं पान कुठंय?”

“हेच वरचं.”

“नाही हो. भाग किती, कुठल्या अक्षरात, कोणी पाठवलं, हे सगळं तर इथं मधे आलंय. हे टायटलला पाहिजे.” त्यांनी बोट ठेवलं. “तुमची बांधणी चुकली, बाई. कव्हर आत शिवलं गेलंय. माझ्याकडे असं झालं की गिऱ्हाईक पुस्तक तोंडावर मारायचं.”

उज्वलाबाईंनी पट्टी वर सरकवली. आणखी वर. जिथे कव्हर आत गेलं त्याच्या अगदी वर एक मोकळी ओळ होती. तिच्या वर तो गोळा. मग त्यांनी ती नवी फाइल उघडली.

“भाई,” त्या म्हणाल्या, “ही माझी श्री आहे.”

पुसायला बोट गेलं आणि थांबलं. मी वाट पाहत होतो. शाळेपासूनच्या बेचाळीस वर्षांत त्यांनी श्री कधी खोडली नसावी.

बद्रुद्दीनभाईंना ते कळलं. “मी पण वहीच्या वर सातशे शहाऐंशी लिहितो,” ते म्हणाले. “पण पुस्तकाच्या पुठ्ठ्यात सुई घालताना लिहीत नाही. वरच्याला कुठं जागा द्यायची ते आपल्या हातात आहे. तो रागावत नाही. केंद्रवाले रागावतात.”

बाई हसल्या. श्री पुसली, मोकळी ओळ पुसली. वहीत लिहिलं: ‘अकरावा प्रयत्न. चूक यंत्राची नाही, माझ्या सवयीची.’ आणि मला पाठवलं.

मी पोचलो, आणि नव्या सर्व्हरवर आल्यापासून पहिल्यांदा मला माझी निळी पट्टी घालता आली. बद्रुद्दीनभाईंच्या फोनवर चिन्ह उमटलं, हिरवं बटण उमटलं. ते म्हणाले, “वा! आता दिसतोय नवरदेव.” त्रेसष्ट जणांकडे मी पुन्हा निघालो. बुधवार संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस जणांनी मान्य केलं.

आरोहीला बाईंनी स्वतः फोन लावला. “आता नीट आला ना? वाच बघू.”

पलीकडे फोनमधला आवाज बोलला: “हे पत्र नीट पाहण्यासाठी कृपया दुसऱ्या ॲपमध्ये उघडा.” मग थांबला. आणखी काहीच नाही.

“ताई, हा मला पाहा म्हणतोय,” आरोही म्हणाली. “काय पाहू?”

इथे माझं दुसरं दुखणं आहे. ते मला कबूल केलं पाहिजे. माझ्या पोटातलं साधं पत्र जन्मापासून रिकामंच होतं. मला घडवताना बाईंनी सगळी मेहनत नटलेल्या पत्रावर घेतली होती. साध्याच्या जागी त्यांनी एका व्हिडिओतली ओळ उतरवली आणि पुढे गेल्या. आरोहीनं आपल्या फोनमध्ये मुद्दाम साधं पत्र उघडेल असं करून घेतलं होतं. नटलेल्या पत्रात आवाज प्रत्येक चित्रापाशी अडखळतो म्हणून. अंधांसाठी बनवलेल्या माझ्यात जो भाग अंधांच्या खरा उपयोगाचा, तोच पोकळ होता.

उज्वलाबाईंनी जुनी नोंदवही काढली. गेल्या परीक्षेच्या वेळी अकरा जणांपुढे ‘फोनवरून मदत केली’ असं लिहिलेलं होतं. त्या अकरा जणांनी हेच ऐकलं असणार. कोणी तक्रार केली नाही. शेजारच्या मुलाला बोलावून बटण दाबून घेतलं आणि गप्प बसले. माणसांना सारखी मदत मागावी लागली की ती तक्रार करायचं सोडून देतात, हे मी पाहिलं आहे.

“आरोही,” बाई म्हणाल्या, “आज रात्रीत मी काहीतरी खरडून टाकणार नाही. तू सांग, मी लिहून घेते. तुला आधी काय ऐकायला हवं?”

“खरंच सांगू?”

“म्हणून तर विचारतेय.”

“आधी परीक्षेचा वार आणि वेळ. मग लेखनिकाचं नाव. मग काय करायचं ते एका वाक्यात. आणि लिंक एकटी, स्वतंत्र ओळीवर. तिच्या आगेमागे काही चिकटवू नका, बोट घसरतं. आणि ताई, ते ‘सस्नेह नमस्कार, आपल्या संस्थेच्या वतीने’ ऐकेपर्यंत आमची एसटी निघून जाते.”

“नमस्कारसुद्धा नको?”

“शेवटी ठेवा. ज्याला वेळ आहे तो ऐकेल.”

गुरुवारी सकाळी नऊ ते साडेबारा बाईंनी माझं साधं पत्र लिहिलं. सात ओळींचं. साडेतीन तासांत सात ओळी. प्रत्येक ओळ लिहून डोळे मिटायच्या आणि फोनकडून ऐकायच्या. दोन वेळा शब्द बदलले, कारण आवाज त्यांवर अडखळत होता. एक वाजता उरलेल्या पंधरा जणांकडे मी निघालो. या वेळी दोन्ही पत्रं भरलेली होती.

चार वाजेपर्यंत चौदा संमत्या आल्या. आरोहीची नव्हती.

सव्वाचारला बाईंनी फोन लावला. कुसाबाईंनी उचलला. “ती फोन घिऊनच बसली हाय सकाळपासून. जेवली बी नाय. द्यू का?”

“ताई, आलाच नाही,” आरोही म्हणाली. आवाजात आता चेष्टा नव्हती.

मी आलो होतो. तिच्याच फोनमध्ये होतो. पण मंगळवारी मी फाटक्या पाकिटानं, नाव न सांगता तिच्या दारात उभा राहिलो होतो. तेव्हापासून तिथल्या पहारेकऱ्याची माझ्यावर नजर होती; बुधवारी त्यानं आत सोडलं, पण तीन दिवसांत तिसऱ्यांदा आलो तेव्हा मला संशयितांत धरलं. नको असलेल्या पत्रांच्या खोलीत, लॉटरीवाले आणि वजन घटवणारे यांच्यामध्ये मी बसलो होतो. त्या गर्दीत खरं बोलणारा मी एकटाच, आणि सगळेच तसं म्हणत होते.

“आरोही, स्पॅम बघ,” बाई म्हणाल्या. “घाई करू नकोस. मेलच्या यादीत खाली जा. आणखी खाली.”

फोनमधला आवाज एकेक नाव वाचत गेला. चार वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. बद्रुद्दीनभाई घड्याळाकडे पाठ करून उभे होते.

“सापडला!” ती ओरडली. “ताई, हा तर लॉटरीवाल्याशेजारी बसलाय.”

“उघड त्याला.”

आणि मग मी पहिल्यांदा तिच्याशी बोललो. शनिवार, सकाळी साडेदहा. लेखनिक, ताहेरा. मान्य असल्यास खालच्या ओळीवर दोनदा टिचकी द्या. शेवटचा नमस्कारसुद्धा तिनं ऐकून घेतला. चार वाजून एकतीस मिनिटांनी तिची संमती नोंदली गेली. पाचला यादी गेली, त्रेसष्ट नावांची.

आता माझं बरं चाललंय. मी दर परीक्षेला निघतो. बाई दर वेळी आधी मला स्वतःकडे पाठवतात, आधी कानानं तपासतात, मग डोळ्यांनी. माझ्यासारखे मेल घडवणारे तुमच्यात कोणी असतील तर त्यांच्याकडे एवढंच मागणं आहे. पाठवण्याआधी माझं कच्चं रूप एकदा वरपासून वाचा. आणि माझं साधं पत्र रिकामं सोडू नका. ते कोणीच उघडत नाही असं तुम्हाला वाटतं, कारण उघडणारा तुम्हाला फोन करत नाही.

शनिवारचं तेवढं सांगतो आणि निघतो. केंद्राच्या दारात एक पर्यवेक्षक उभे होते. यादी मुख्य खोलीत होती, त्यांच्या हातात नव्हती. त्यांनी ताहेराला अडवलं आणि विचारलं, “लेखी काही आहे का?” ताहेराचा चेहरा पडला. फोन अजून जमा करायचा होता. आरोहीनं तो वर धरला आणि मला उघडलं.

दारातल्या गर्दीत मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोललो. पर्यवेक्षकांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मग आत वळून शिपायाला म्हणाले, “सात नंबरच्या बाकाजवळ आणखी एक खुर्ची ठेव रे.”